पौर्णिमा, ओहोटी आणि शहीद द्वीपचा नैसर्गिक पूल: तुमच्या अंदमान बेताबद्दल

तुमचा बेत वाचला. डिसेंबर, सहा दिवस, सोबत आई-वडील, समुद्रावरचं चांदणं बघायला मुद्दाम गाठलेली पौर्णिमा, आणि शहीद द्वीपच्या (नील) रकान्यात "स. १०.३० नॅचरल ब्रिज, नंतर भरतपूर बीच, दुपारच्या बोटीने परत". विमान, हॉटेल, बोटीची तिकिटं यावर काही लिहीत नाही, ते तुम्ही नीट केलेलं दिसतंय. त्या साडेदहासाठी मात्र लिहायलाच हवं. मी एजंट नाही, समुद्रशास्त्राचा अभ्यासकही नाही. खाली दिलेल्या वेळा ढोबळ आहेत, नेमक्या तारखेचा तक्ता बघितल्याशिवाय काही पक्कं करू नका.

नैसर्गिक पूल म्हणजे लक्ष्मणपूरच्या किनाऱ्यावर लाटांनी पोखरून तयार झालेली प्रवाळी खडकाची कमान. तिच्यापर्यंत वाट अशी नाही. ओहोटीला जे खडप (किनाऱ्यालगतचा खडकाळ पट्टा) उघडं पडतं, त्यावरून चालत जायचं. पौर्णिमा-अमावास्येला पोर्ट ब्लेअरच्या (आता श्री विजयपुरम) आसपास भरती सकाळी नऊ-दहाला पूर्ण होते आणि ओहोटी दुपारी साडेतीन-चारला तळ गाठते. म्हणजे तुमच्या साडेदहाला खडप पाण्याखाली असणार. लांबून कमानीचा फोटो काढायचा, नारळपाणी प्यायचं आणि निघायचं. एजंटच्या लेखी 'पॉइंट झाला'.

आता मला सगळ्यात महाग पडलेली चूक. कोकणातला हिशोब तिकडे लावला. तिथीला पाऊणाने गुणायचं, येईल तो भरतीचा तास. हा आडाखा मुंबई-रत्नागिरीकडे ठीक चालतो: पौर्णिमेला भरती दुपारी बाराच्या आगेमागे, ओहोटी संध्याकाळी सहाच्या सुमारास. अंदमानात हे गणित दोन-तीन तासांनी चुकतं. प्रत्येक किनाऱ्याला भरती चंद्रामागून ठरावीक वेळाने पोचते, आणि ती वेळ तिथल्या समुद्राच्या खोलीवर आणि आकारावर ठरते. शिवाय घड्याळ भारतीय प्रमाणवेळेचं असलं तरी अंदमान मुंबईच्या वीस रेखांश पूर्वेला आहे. सूर्य तिथे मुंबईपेक्षा ऐंशी मिनिटं आधी धावतो. डिसेंबरात पाच वाजता सूर्यास्त, सव्वापाच-साडेपाचला अंधार. कोकणी हिशोबाने पावणेपाचला पोचलं की पाणी परत फिरलेलं असतं आणि उजेड संपत आलेला असतो.

पाणी चढतं ते सारख्या वेगाने नाही. ओहोटीनंतर पहिल्या तासात एकूण चढ-उताराच्या बाराव्या हिश्श्याइतकं, दुसऱ्या तासात त्याच्या दुप्पट, तिसऱ्यात तिप्पट. उधाणाला (पौर्णिमा-अमावास्येच्या मोठ्या भरती-ओहोटीला) तिकडे फरक दोन मीटरच्या आतबाहेर असतो. म्हणजे पहिला तास "काही होत नाही" असं वाटतं आणि तिसऱ्या तासात अर्धा मीटर पाणी येतं. माणसं अडकतात ती तेव्हाच.

याबाबत तिथल्या एका माहिती कक्षात विचारलं होतं. उत्तर मिळालं: पूल चोवीस तास उघडा असतो! असो. टेबलामागे बसलेल्या माणसाला विचारण्यापेक्षा जेट्टीवरच्या नावाड्याला विचारा, तो घड्याळ न बघता सांगेल.

तक्ता बघायचा तो पोर्ट ब्लेअरचा. शहीद द्वीपचा वेगळा नाही मिळाला तरी बिघडत नाही, फरक मिनिटांचा आहे. परदेशी संकेतस्थळांवर वेळ कधी ग्रिनिचची असते, ते आधी तपासा. नुसती ओहोटीची वेळ पुरत नाही, उंचीही बघा. माझा ठोकताळा: ओहोटीचा आकडा अर्ध्या मीटरखाली असेल तर निर्धास्त जा. ०.९-१.० मीटर दिसला तर तो भांग, म्हणजे अष्टमीच्या आसपासची कमी चढ-उताराची भरती-ओहोटी. पाणी 'उतरलेलं' असूनही खडप पुरतं उघडं पडत नाही. म्हणूनच अष्टमीच्या आसपास सकाळी नऊ-दहाला ओहोटी असली तरी ती फार कामाची नाही. चांगले दिवस म्हणजे द्वादशी ते प्रतिपदा, दुपारी. तृतीया ते पंचमी पहाटेची ओहोटी सूर्योदयाच्या आगेमागे येते. तेव्हा गर्दी नसते, पण आई-वडिलांना इतक्या लवकर उठवायची तयारी हवी.

तेव्हा तुम्ही एवढंच करा: शहीद द्वीपला एक रात्र मुक्काम घ्या आणि क्रम उलटा करा. सकाळी भरतपूर. तिथलं प्रवाळ उथळ पाण्यात आहे, काचेच्या तळाच्या बोटीला भरतीचंच पाणी लागतं. ओहोटीला बोटी एकतर जात नाहीत, नाहीतर तळ घासतात. दुपारी जेवून अडीचपर्यंत नैसर्गिक पुलाशी. ओहोटीच्या तासभर आधी खडपावर उतरायचं, ओहोटीनंतर अर्ध्या तासात परत. पायात मागे पट्टा असलेल्या सँडल हव्यात, स्लिपर अजिबात नकोत. खडकाला शेवाळ असतं आणि शेवाळाखाली कालवांच्या धारा. वडिलांचे गुडघे दुखतात असं लिहिलंय तुम्ही. त्यांच्यासाठी स्थानिक वाटाड्या नक्की घ्या, हात धरायला आणि दाखवायला दोन्हीसाठी.

कारण खरी गंमत कमानीत नाहीच. ती खडपातल्या डबक्यांत आहे. वाटाड्या बोट दाखवेपर्यंत तो खडकच वाटतो, मग त्यात एक नागमोडी फट दिसते आणि फटीच्या कडेला निळे-जांभळे मखमली ओठ. तो महाकाय शिंपला. त्याच्यावर तुमची सावली पडली की ओठ आक्रसून घेतो. शेजारी वाळूत काळी समुद्रकाकडी निपचित पडलेली असते. कशालाही हात लावू नका, उचलून फोटो तर नाहीच. शंख-प्रवाळाचा तुकडा खिशात घालून आणू नका, मेलेला असला तरी. वन्यजीव कायद्याखाली तो गुन्हा आहे, विमानतळावर सामान तपासताना निघतं आणि तिथे "माहीत नव्हतं" चालत नाही.

चांदण्याबद्दल. तुमच्या यादीत पौर्णिमेची संध्याकाळ स्वराज द्वीपच्या (हॅवलॉक) राधानगरला आहे. राधानगर पश्चिमेला तोंड करून आहे. सूर्यास्त सुरेखच, पण पौर्णिमेचा चंद्र उगवतो पूर्वेला, म्हणजे तुमच्या पाठीमागे, झाडीच्या आड. समुद्रातून वर येणारा चंद्र हवा असेल तर त्या दिवशी पाचच्या सुमारास कालापत्थरला जा, तो किनारा पूर्वेचा. शहीद द्वीपवर असाल तर सीतापूर. पूल बघून तिथे सहज पोचता येतं, बेट लहान आहे. राधानगर आदल्या दिवशी करा. तिथे शेजारच्या नील्स कोव्हच्या खाडीत उतरू नका. खाऱ्या पाण्यातल्या मगरींचा धोका पाटीवर लिहिलेला आहे, तो शोभेसाठी नाही. आणि पाण्यात चमकणारे जीव बघायची रात्रीची कयाक सफर यादीतून काढून टाका. तिला अमावास्येचा काळोख लागतो, पौर्णिमेला पैसे पाण्यात.

बाराटांगबद्दल (चुनखडीच्या गुहांचं बेट) माझं मत अनेकांना पटणार नाही. आई-वडिलांसोबत नका करू. पोर्ट ब्लेअरहून एका बाजूचा प्रवास साधारण १०० किलोमीटर, पहाटे चारच्या आत निघून जिरकाटांग नाक्यावर रांग, पुढे गाड्यांच्या ताफ्यातून जारवा आदिवासींचं राखीव क्षेत्र (गाडी थांबवायची नाही, फोटो नाही, खाऊ द्यायचा नाही, आणि 'जारवा दिसतील का' हे तर विचारूच नये), मग फेरी, मग खारफुटीतून लहान बोट, मग दीडेक किलोमीटर पायपीट. चुनखडीच्या गुहा खरंच देखण्या आहेत. खारफुटीची ती खाडी तर मला गुहेपेक्षा जास्त आवडते. पण चिखलाचा ज्वालामुखी म्हणजे बुडबुडे येणारा मातीचा उंचवटा, वडील तुमच्याकडे बघत राहतील. तरीही जाणार असाल तर पहिलाच ताफा धरा. उशीर झाला तर त्या खाडीतही ओहोटी लागते, बोटी खोळंबतात, आणि परतीचा शेवटचा ताफा दुपारी तीनच्या आसपास असतो. ताफ्यांच्या वेळा बदलतात, आदल्या दिवशी विचारून घ्या. त्याऐवजी चिडिया टापू करा. पोर्ट ब्लेअरहून तासाभराचा रस्ता, सूर्यास्त, पक्षी, आणि वडिलांना बसायला जागा. जॉली बॉय बेट मनात असेल तर सोमवारी बंद असतं आणि प्लॅस्टिक नेऊ देत नाहीत एवढं लक्षात ठेवा.

हो, वाळूवर थेट बसू नका, चटई न्या. वाळूतल्या बारीक माश्या चावलेल्या कळत नाहीत, खाज दुसऱ्या दिवशी सुटते आणि आठवडाभर पुरते. पायांना खोबरेल चोपडून जा.

एजंटला फोन करू नका, लेखी पाठवा: "शहीद द्वीप एक रात्र मुक्काम, भरतपूर सकाळी, नैसर्गिक पूल ओहोटीच्या एक तास आधी, ओहोटीची वेळ आणि उंची कळवा." दोन्ही आकडे आले नाहीत तर तारखा इथे टाका, तक्ता बघून सांगतो.