घरी केलेला साबण मऊ राहिलाय? आधी थांबा
वडी फेकू नका, कष्टाची आहे. बोट टेकवलं की खड्डा पडतो, हे दोन दिवसांच्या साबणात होतंच. साच्यातून काढून हवेशीर जागी ४ ते ६ आठवडे वाळू द्या. ऑलिव्ह तेलाचा असेल तर काही महिने. पाणी उडत जातं तशी वडी कडक होते.

तरीही मऊच राहिली तर मापं तपासा. तेल आणि कॉस्टिक सोडा (तेलाचा साबण करणारा तीव्र क्षार) ग्रॅममध्येच तोलायचे, वाटीने कधीच नाही. ओल शोषलेला सोडा कमी पडतो, तेल मोकळंच राहतं आणि वडी हाताला तेलकट लागते. मी म्हणूनच डब्याचं झाकण लगेच घट्ट लावते. पुढच्या घाण्याला पाणी थोडं कमी, एकूण तेलात खोबरेल २५ ते ३० टक्के. सोडा मात्र अंदाजाने वाढवू नका, त्वचा भाजते.