पोलीस पाटलांना सोबत नेऊ नका

ताई, भिलाटीत (भिल्लांच्या वस्तीत) प्रश्नावली घेऊन गेलात आणि सगळ्यांनी "आमच्याकडं तसलं काही नाही" एवढंच सांगितलं, हे तुमच्या पोस्टमध्ये वाचलं आणि माझं एम.ए.चं वर्ष आठवलं. विषय हाच, दारूबंदीचे गुन्हे आणि विचलन, म्हणजे समाजाचे नियम मोडणारं वागणं. जिल्हाही आपला धुळेच. नमुना निवड वगैरे तुमचे सर सांगतील, ते सोडतो.

मला सगळ्यात महागात पडलं ते एकच. ओळख व्हावी म्हणून पहिल्याच दिवशी मी पोलीस पाटलांना बरोबर नेलं. वर प्रश्नावलीतला पहिलाच प्रश्न, 'घरातील कोणावर गुन्हा दाखल आहे का?' चाळीस फॉर्म भरले, चाळीसही 'नाही'. निघताना दारात विळा धूत बसलेल्या आजींनी विचारलं, "भाऊ, तू पोलिसना माणूस शे का?" कृत्य मुळात विचलित नसतं, नियम करणारे आणि लावणारे त्याला तसं ठरवतात, हे समाजशास्त्रज्ञ हॉवर्ड बेकरने १९६३ साली मांडलेलं मी पाठ केलं होतं, पण त्या दारात तो नियम लावणारा मीच होतो. सगळे फॉर्म बाद केले, सहा महिने गेले.

पोळा झाल्यावर एकटा गेलो, कागदाशिवाय. त्याच आजी बोलल्या. मुलगा चोरीच्या केसमधून निर्दोष सुटलेला, तरी शिवारात कुणाच्या विहिरीवरची केबल गेली की पहिलं बोलावणं त्याला. हळूहळू मजुरीलाही कुणी सांगेना. माझा प्रबंध उभा राहिला तो या एका बोलण्यावर.

सर समाजशास्त्रज्ञ मर्टनचा सिद्धांत लावायला सांगतात म्हणता. माझं मत (चूक असू शकतं): एकटा मर्टन इथे पुरत नाही. माणूस नियम का मोडतो ते तो सांगतो, नियम कुणाचा ते नाही. पळसाच्या द्रोणातून देवापुढे मोहाच्या दारूची धार सोडतात, तो तिथे विधी आहे. १९४९च्या दारूबंदी कायद्यात तीच हातभट्टी गुन्हा. इतिहासाचं प्रकरण लिहिणार असाल तर धरणगाव घ्याच. ज्या भिल्लांना इंग्रज लुटारू म्हणत, त्यांच्यातलेच लोक १८२५मध्ये तिथे भिल्ल कोअरचे, म्हणजे इंग्रजांनी उभारलेल्या भिल्लांच्या पलटणीचे, शिपाई झाले.

आकडेवारीसाठी एका कार्यालयाने मला तीन महिने फिरवलं. साहेब बंदोबस्तात, मग बाबू रजेवर, मग अर्जच सापडेना, कारण मी पोच घेतली नव्हती. आजही संताप होतो. आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका, नाहीतर सरळ माहिती अधिकारात अर्ज करा, ३० दिवसांची मुदत असते. मी वकील नाही, नमुना कुणाला तरी दाखवून घ्या.

आणि जुने आकडे जोडताना जपा. १ जुलै १९९८ला नंदुरबार वेगळा झाला, त्याआधीच्या धुळ्यात तोही आहे. माझ्या तक्त्यात 'गुन्हे घटले' असं दिसत होतं, घटला होता जिल्हा.

पहिला प्रश्न आजच काढून टाका. नवी प्रश्नावली इथे टाकलीत तर रविवारी बसून वाचतो.