टांझानियाने बुरुंडीच्या निर्वासितांना खरंच नागरिकत्व दिलं का?

हो, दिलं. पण हातात कागद पडायला फार वेळ गेला. बुरुंडीतल्या १९७२ च्या कत्तलीतून पळून आलेल्यांना टांझानियाने कायम तंबूत ठेवलं नाही. कटुंबा, मिशामो, उल्यानकुलू या वस्त्यांत कसायला जमीन दिली. रान साफ करून लोकांनी शेतं उभी केली, पुढची पिढी तिथेच जन्मली. २००७-०८ च्या सुमारास त्यांना विचारलं गेलं, परत जाता की इथलेच होता? बहुतेकांनी इथलंच व्हायचं ठरवलं. २०१० पर्यंत सुमारे १,६२,००० जणांचे अर्ज मंजूर झाले.

मेख पुढे होती. सरकारची अट अशी: घरदार, शेत सोडून देशाच्या दुसऱ्या भागांत पांगा, मग नागरिकत्वाचा दाखला! (म्हणजे पुन्हा विस्थापनच की.) स्थलांतराचा बेत अडला आणि दाखले शेवटी २०१४ मध्ये मिळू लागले.