वनस्पतींच्या अर्कापासून जखमेचे मलम

प्रश्न : आम्ही औषधनिर्माणशास्त्राचे विद्यार्थी आहोत. एका वनस्पतीच्या पानांचा अर्क प्रयोगशाळेत जिवाणूंची वाढ रोखतो, असे आम्हांला आढळले. त्याचे मलम जखम लवकर भरून आणेल, असे म्हणता येईल का?

उत्तर : एवढ्यावरून तसे म्हणता येणार नाही. जिवाणू मारणे आणि जखम भरून आणणे ही दोन निराळी कामे आहेत. किंबहुना जिवाणूंना मारणारा अर्क नवी त्वचा घडवणाऱ्या पेशींनाही मारू शकतो. म्हणून त्याच मात्रेत फायब्रोब्लास्ट आणि केराटिनोसाइट या त्वचा घडवणाऱ्या पेशी जगतात का, हे आधी पाहावे. पुढे उंदरांवर प्रयोग कराल, तेव्हा त्यांची कातडी सैल असल्याने जखम मुख्यतः आकसून मिटते आणि माणसाच्या जखमेत नव्या त्वचेच्या वाढीचा वाटा मोठा असतो, हे ध्यानात ठेवावे.

सर्वांत जास्त काळजी मात्र तुलनेची घ्यावी. ओलसर राखलेली जखम लवकर भरते, हे संशोधक जॉर्ज विंटर यांनी १९६२ मध्ये डुकरांवरील प्रयोगांतून दाखवले. त्यामुळे कोणताही स्निग्ध बेस, म्हणजे ज्यात औषध मिसळतात तो मलमाचा मूळ पदार्थ, त्यात अर्क नसला तरी, जखमेला काहीशी मदत करू शकतो. मलम लावलेल्या जखमेची तुलना उघड्या ठेवलेल्या जखमेशी केली, तर श्रेय अर्काचे की बेसचे, हे कधीच कळत नाही. बर्च झाडाच्या सालीच्या अर्काचे जेल याबाबत अभ्यासण्यासारखे आहे. त्यात १० टक्के अर्क असून बाकीचे सूर्यफुलाचे तेल आहे. एपिडर्मोलिसिस बुलोसा या त्वचेवर वारंवार फोड येणाऱ्या आनुवंशिक आजाराच्या २२३ रुग्णांवर त्याची चाचणी झाली. निवडलेली जखम ४५ दिवसांत पूर्ण भरण्याचे प्रमाण अर्कयुक्त जेलच्या गटात ४१.३ टक्के, तर अर्क नसलेल्या जेलच्या गटात २८.९ टक्के होते. अर्काचा खरा वाटा या दोन आकड्यांमधील फरकाएवढाच मानावा लागतो, आणि तो प्रामाणिकपणे मोजला गेला म्हणूनच या जेलला मी मोलाचे मानतो. युरोपात २०२२ मध्ये आणि अमेरिकेत २०२३ मध्ये त्याला मान्यता मिळाली.

ऋतू, माती आणि पानांचे वय यांनुसार अर्कातील घटक बदलतात. म्हणून एखादा ओळखघटक, म्हणजे ज्याच्या प्रमाणावरून अर्क सारखाच आहे की नाही हे तपासता येते असा घटक, निश्चित करून तो प्रत्येक खेपेला मोजावा. पानांसोबत मातीतील जिवाणूंचे बीजाणूही येतात, त्यामुळे उघड्या जखमेसाठीचे मलम निर्जंतुकच हवे. निर्जंतुकीकरणाच्या उष्णतेने किंवा किरणांनी तो घटक नष्ट तर झाला नाही ना, हे त्यानंतर पुन्हा मोजून पाहावे. या चाचण्या पूर्ण होऊन आवश्यक परवानग्या मिळेपर्यंत हे मलम कोणाच्याही, अगदी स्वतःच्याही जखमेला लावू नये.