'हॉबिट' त्रयीवरच्या प्रतिक्रिया वाचताना

'हॉबिट' चित्रपटत्रयीवर तुम्ही नुकतेच लिहू लागला आहात, म्हणून आग्रहाने सांगतो की, चाहत्यांचा राग नेमका कशावर आहे हे आधी वेगळे करून पाहा. जे. आर. आर. टॉल्किन यांच्या १९३७ साली आलेल्या आटोपशीर बालकादंबरीचे २०१२ ते २०१४ या काळात तीन लांबलचक चित्रपट झाले, हा आक्षेप कथा ताणण्याविषयी आहे. सेकंदाला ४८ फ्रेम्सच्या (नेहमीच्या दुप्पट) चित्रणामुळे दृश्ये नाटकाच्या नेपथ्यासारखी भासली, ही तक्रार तंत्राविषयी आहे, आणि दोन्हींची सरमिसळ केली की चर्चा भरकटते. टॉरिएल या एल्फ (परीवंशी) योद्धा स्त्रीचेच पाहा. ती मूळ पुस्तकात नाहीच. पण अनेक जाणत्या वाचकांना खुपते ते तिचे असणे नव्हे, तर किली या बुटक्याशी (ड्वार्फशी) घाईने जुळवलेले तिचे प्रेम. डोल गुल्दूर या ओसाड किल्ल्याचा भाग मात्र निव्वळ मनचा नाही. त्याचे धागे टॉल्किन यांच्याच 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'च्या परिशिष्टांत सापडतात, तेव्हा 'सगळी भरताड' असे लिहिण्यापूर्वी ती जरूर वाचा. कथानायक बिल्बो आणि गुहेत राहणारा विचित्र जीव गोलम यांच्या कोड्यांच्या प्रसंगाला (माझ्या मते त्रयीतला हा सर्वांत जिवंत भाग) कडवे टीकाकारही दाद देतात. ती दादही तुमच्या लेखात नोंदवा.