वाचकांचे प्रश्न : खवले, कातडी आणि भाजल्यावरचे उद्योग

प्रश्न : इसवणाला (सुरमईला) खवले नसतातच का? (म्हापसा)
उत्तर : असतात, पण फार बारीक. नीट धुतला की पुरे.

प्रश्न : चोणक खवलताना खवले घरभर उडतात. उपाय? (डिचोली)
उत्तर : खवले कौलांसारखे एकावर एक बसलेले असतात, मोकळी कड शेपटीकडे. म्हणून शेपटीकडून डोक्याकडे, सुरीच्या पाठीने, घमेल्यातल्या पाण्याखाली खवला. मासा वाळलेला असेल तर आधी पाच मिनिटे भिजवा. पोट मात्र नंतरच फाडा. रिकामे पोट सुरीखाली दबते.

प्रश्न : भाजल्यावर तिलापिया माशाची कातडी लावतात, असा व्हिडिओ पाहिला. बाजारातली चालेल? (मडगाव)
उत्तर : नाही. हा व्हिडिओ फिरू लागल्यापासून निम्मी पत्रे याचीच. ब्राझीलमध्ये डॉक्टरांनी हे उपचार केले, हे खरे. त्या कातडीत कोलेजन (कातडीला बळकटी देणारे प्रथिन) भरपूर असते, ती जखम ओलसर ठेवते आणि पट्टी वारंवार बदलावी लागत नाही. पण ती आधी खवले-मांस काढून, जंतुनाशकात धुऊन, ग्लिसरॉलमध्ये ठेवून, किरणोत्साराने निर्जंतुक केलेली असते. बाजारातल्या कातडीवर बर्फाचे पाणी, सुरीची घाण आणि जिवंत जंतू असतात. समुद्री माशांवरचा व्हिब्रिओ नावाचा जंतू उघड्या जखमेत शिरला तर मधुमेह किंवा यकृताचा आजार असलेल्याच्या जिवावर बेतू शकते. मीठ-हळद लावूनही कातडी निर्जंतुक होत नाही.

करायचे ते असे : नळाच्या वाहत्या गार पाण्याखाली वीस मिनिटे. सूज येण्याआधी बांगड्या-अंगठ्या काढा. फोड फोडू नका. बर्फ नको, टूथपेस्ट नको. स्वच्छ कापडाने सैल झाका. भाजलेला भाग तळहाताहून मोठा असेल, किंवा चेहरा, हात, सांधे भाजले असतील, तर थेट गोमेकॉ (गोवा मेडिकल कॉलेजचे इस्पितळ) गाठा. ‘दोन दिवस बघू’ म्हणणारेच उशिरा पोहोचतात.

प्रश्न : खवल्यांच्या कोलेजन पावडरीने सुरकुत्या जातात का? (फोंडा)
उत्तर : पोटात गेलेले कोलेजन पचून त्याचे तुकडे होतात, ते उठून गालावर जाऊन बसत नाही. डब्यावरचा चकचकीत चेहरा हीच त्यातली महाग वस्तू. माशांची ॲलर्जी असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय चमचाभरही नको.

प्रश्न : खवले माडाला घालू का? (काणकोण)
उत्तर : घाला. त्यांत कॅल्शियम, फॉस्फरस असते, पण कुजायला वेळ लागतो. फूटभर खोल पुरा, नाहीतर रात्री कुत्री उकरतील. प्रमाण कृषी कार्यालयात विचारा.