सायलेन्सर बदलल्यावर चेक इंजिनचा दिवा लागलाय, पीयूसी मिळेल का?

नुसता मागचा सायलेन्सर बदलला तर दिवा सहसा लागत नाही. बहुतेक कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच (कॅट, म्हणजे धुरातले विषारी वायू कमी करणारा भाग) काढलाय. त्याच्या आधी एक, नंतर एक ऑक्सिजन सेन्सर असतो. दोन्हींचं रीडिंग सारखंच यायला लागलं की कॅट काम करत नाही असं समजून ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) पी०४२० हा बिघाडाचा कोड टाकतो आणि दिवा लागतो. आमच्या भाच्यानं साताऱ्यात स्कॅनर लावून कोड पुसून घेतला, दोन दिवसांनी यवतेश्वरचा घाट चढताना दिवा परत हजर! पीयूसीवाला दिवा बघत नाही, नळी सायलेन्सरमध्ये घालून सीओ (कार्बन मोनॉक्साइड) मोजतो. बीएस-४ (प्रदूषणाचं मानक) पेट्रोल कारला आयडलला, म्हणजे गाडी उभी आणि इंजिन नुसतं चालू असताना, मर्यादा ०.३ टक्के, कॅटशिवाय पास होणं अवघडच. पकडलं तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) खाली १०,००० रुपयांपर्यंत दंड. जुना कॅट भंगारात घातला नसेल तर आधी तोच बसवा.